पाया पडताना

परवा रात्री साडेअकराला फोन वाजला. इतक्या रात्री फोन वाजला की आमच्या घरात आधी सगळ्यांच्या छातीत धस्स होतं आणि मग कोणीतरी तो उचलतं. न्यू जर्सीहून भाचा होता.

"मावशी, झोपली नव्हतीस ना? अगं, डॉक्टर म्हणाले मला अ‍ॅटिपिकल मोल आहे."

"म्हणजे काय रे बाबा?"

"तीळ गं. पाठीवर आहे. वेडावाकडा आहे म्हणे. काढून तपासायला पाठवलाय. आईला सांगू नकोस."

आईला म्हणजे माझ्या बहिणीला. आमच्या घराण्यात 'सांगू नकोस' म्हटलेली गोष्ट किती वेळ टिकते हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना ठाऊक आहेच, कारण निम्मे वाचणारे नातेवाईकच आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिंपरी पेंढारच्या घरी बातमी पोचली होती. तिथे पोचेपर्यंत पोराला कॅन्सर झालेला होता, नोकरी गेलेली होती आणि तो परत यायला निघालेला होता.

म्हणून आधी खुलासा. भाच्याचा रिपोर्ट आला आहे. कॅन्सर नाही. वर्षातून एकदा अंग तपासून घ्यायचं, एवढंच सांगितलंय. सर्वांनी कृपया शांत व्हावं.

पण या निमित्ताने मी जरा वाचलं, ओळखीच्या एका स्किनच्या डॉक्टरीणबाईंना दोन-चार वेळा छळलं, आणि जे समजलं ते लिहून ठेवावंसं वाटलं. मी डॉक्टर नाही, बँकेत खाती उघडून देणारी बाई आहे. तेव्हा हे त्या हिशोबानेच वाचा.

तर तीळ. साधा तीळ कसा असतो ते नावातच आहे. लहान, गोल, एका रंगाचा, कडा स्वच्छ. वर्षानुवर्षं जसाच्या तसा. अ‍ॅटिपिकल म्हणजे जो या रीतीत बसत नाही तो. आकाराने मोठा, कडा टीपकागदावर शाई पसरावी तशा धूसर, आणि एकाच तिळात तपकिरी, काळपट, गुलाबी अशा दोन-तीन छटा. १९७८ मध्ये अमेरिकेत वॉलेस क्लार्क या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही घराण्यांत असे तीळ आणि मेलॅनोमा नावाचा त्वचेचा कॅन्सर दोन्ही पिढ्यान् पिढ्या चालत आलेले पाहिले, आणि तेव्हापासून या तिळांकडे बारकाईने बघायला सुरुवात झाली.

इथे एक गोष्ट मला नव्याने कळली. असा वेडावाकडा तीळ म्हणजे 'कॅन्सर होऊ घातलाय' असं नसतं. असले बहुतेक तीळ जन्मभर निरुपद्रवीच राहतात. शिवाय मेलॅनोमा बहुतेक वेळा जुन्या तिळातून निघतच नाही, तो कोऱ्या त्वचेवर नव्याने उगवतो. मग या तिळांना महत्त्व का? तर ज्याच्या अंगावर असे बरेच तीळ आहेत, त्यातून घरात कोणाला मेलॅनोमा झालेला आहे, त्या माणसाच्या सगळ्याच त्वचेला धोका जास्त. म्हणून तिकडे फोटो काढून ठेवतात, दर वर्षी ताडून बघतात आणि जो बदलला तेवढाच काढतात. सगळे तीळ खरवडून काढत बसत नाहीत.

हे सगळं भाचा मला फोनवर समजावून सांगत होता. शेवटी म्हणाला, "पण मावशी, डॉक्टर असंही म्हणाले की तुमच्यासारख्या सावळ्या रंगाच्या लोकांत हे फार कमी. तुम्ही तळपाय आणि नखं बघत जा."

मी "बरं बरं" म्हणाले. फोन ठेवला. आणि मग मला आत्याची टाच आठवली. त्या रात्री झोप लागली नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी कुंकू पुसलं गेलं आणि माघारी पिंपरी पेंढारला आली ती कायमची. आमच्या कांद्याच्या रानात तिने चाळीसएक वर्षं काढली. चप्पल तिला होती, पण ती आळेफाट्याला बाजाराला जायची. रानात चप्पल चिखलात रुतते म्हणून ती बांधावर काढून ठेवायची आणि अनवाणी सरीत उतरायची. काटा मोडला तर रुईचा चीक लावायचा, फारच झालं तर बिब्बा तापवून चटका द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रानात. तिच्या टाचांना इतक्या भेगा होत्या की आम्ही पोरं त्यात चवली-पावली अडकेल म्हणून हसायचो. तीही हसायची.

२०१४ ची दिवाळी. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी तिच्या पायांना तेल लावत होते. ती नको नको म्हणत होती, कारण भावाच्या लेकीने पाय चोळायचे हे तिला पटत नव्हतं. उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला एक काळा डाग दिसला. तुरीच्या डाळीपेक्षा थोडा मोठा. एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिक्कट, कड धड नाही.

मी म्हटलं, "आत्या, हे काय गं?"

"काय न्हाय. काटा मोडला व्हता, बिब्बा घातलाय. त्याचा डाग ऱ्हायला."

आणि मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, "अगं, तळपायावर तीळ म्हणजे परदेशगमन! आता तू अमेरिकेला जाणार बघ."

सगळं घर हसलं. आत्याने मला टपली मारली. मी तेलाची वाटी उचलून आत गेले.

आपल्याकडे तिळाचं असंच असतं. तळहातावरचा तीळ मूठ मिटल्यावर आत राहिला तर पैसा. तळपायावर असेल तर प्रवास. हनुवटीवर असेल तर काय विचारता. नसेल तर गोंदून घ्यायचा. सरकारी फॉर्मवर 'ओळखीची खूण' अशी ओळ असते, तिथे आपण शाळेपासून 'डाव्या गालावर तीळ' असं लिहीत आलो. म्हणजे बघा, तीळ ही आपल्या लेखी न बदलणारी गोष्ट. माणूस ओळखता येईना तर तिळावरून ओळखायचा. तो तीळ बदलू शकतो, आणि बदलला तर कोणाला तरी दाखवायचा असतो, हे आपल्याला कोणी सांगितलेलंच नाही.

आणि दुसरी समजूत म्हणजे 'त्वचेचा कॅन्सर गोऱ्यांना होतो'. ही समजूत बरीचशी खरी आहे, आणि म्हणूनच ती जास्त घातक. ऑस्ट्रेलियात वर्षाला लाखामागे ३५ च्या आसपास लोकांना मेलॅनोमा होतो. आपल्याकडे हे प्रमाण लाखामागे एकाहूनही कमी आहे. आपल्या कातडीतला रंग आपल्याला उन्हापासून खरोखरच सांभाळतो. पण सावळ्या लोकांत जो थोडा मेलॅनोमा होतो, त्यातला मोठा हिस्सा अशा जागी होतो जिथे ऊन पोचतच नाही: तळपाय, तळहात, नखाखाली. रिचर्ड रीड या डॉक्टरांनी १९७६ मध्ये या प्रकाराला वेगळं नाव दिलं. अ‍ॅक्रल लेंटिजिनस असं जिभेला वळसा घालणारं नाव आहे, आपण 'तळव्याचा मेलॅनोमा' म्हणू. उन्हाशी त्याचा फारसा संबंध नाही. त्यामुळे सनस्क्रीनच्या जाहिरातीतून तो आपल्याला कधी कळणारही नाही. गायक बॉब मार्लीचं उदाहरण सगळे देतात. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालची जखम फुटबॉलची समजली गेली होती, ती मेलॅनोमा निघाली. १९८१ मध्ये तो गेला तेव्हा ३६ वर्षांचा होता.

आत्या काही गायक नव्हती. (जात्यावर गायची, पण ते वेगळं.) २०१६ च्या पावसाळ्यात त्या डागाच्या जागी जखम झाली. आत्याला शुगर होती, त्यामुळे सगळ्यांनीच, अगदी औषध देणाऱ्यांनीही, ती शुगरची जखम धरली. मलमपट्टी झाली. गोळ्या झाल्या. थोडं बरं वाटायचं, पुन्हा चिघळायचं. कोणावर दोष ठेवायला मी हे लिहीत नाही. शुगर असलेल्या बाईच्या टाचेला जखम, यात वेगळं वाटण्यासारखं काय होतं? पण त्या जखमेच्या आधी दोन वर्षं तिथे काळा डाग होता, ही गोष्ट कोणी विचारली नाही आणि आम्ही सांगितली नाही. ती माहीत असलेली घरातली एकमेव व्यक्ती बहुधा मीच होते. आणि मला ते विनोद म्हणून आठवत होतं.

२०१७ च्या जानेवारीत तिला पुण्यात आणलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून एक तुकडा काढला, मग जांघेत हात लावून बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. तिथे गाठ आली होती. टाचेचं ऑपरेशन झालं, गाठी काढल्या. २०१८ च्या आषाढात आत्या गेली. शेवटचे दोन महिने ती आमच्याकडे सिंहगड रोडलाच होती. अमेरिका राहिली, पण पुण्याचा प्रवास झाला, असं ती स्वतःच एकदा म्हणाली. तेव्हा कोणी हसलं नाही.

२०१४ मध्येच दाखवलं असतं तर ती वाचली असती का? डॉक्टरीणबाईंना मी हे विचारलं. त्या म्हणाल्या, असं छातीठोक सांगता येत नाही. पण एक सांगता येतं. मेलॅनोमा किती पसरलाय त्यापेक्षा आधी तो किती खोल गेलाय हे मिलिमीटरमध्ये मोजतात. १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी ही रीत घालून दिली. एक मिलिमीटरच्या आत असताना सापडला तर बहुतेक लोक साध्या शस्त्रक्रियेने बरे होतात. तो जसा खोल जातो तशी आशा कमी होत जाते. म्हणजे सगळा खेळ मिलिमीटरचा. कांद्याचा पापुद्रा असतो ना, त्याच हिशोबातला.

आता माझं म्हणणं.

आपण जन्मभर मोठ्यांच्या पाया पडतो. सणाला, परीक्षेला, परगावी निघताना. वर्षातून पन्नास वेळा आपलं डोकं त्यांच्या पायाशी असतं. पण पावलाची वरची बाजू तेवढी आपल्याला माहीत. तळवा कोणी कोणाला दाखवत नाही, दाखवणं असभ्य समजतात. म्हाताऱ्या माणसांना स्वतःचा तळवा बघता येत नाही, कारण गुडघा तेवढा वळत नाही आणि डोळ्यांना तेवढं दिसत नाही. म्हणजे आपल्या लोकांना जिथे धोका आहे नेमकी तीच जागा घरातल्या कोणाच्याच नजरेला पडत नाही. जुन्नर तालुक्यात आम्ही बिबट्याच्या भीतीने रात्री बॅटरी मारून ऊस न् ऊस बघतो. तीच बॅटरी वर्षातून एकदा आईच्या तळपायावर मारायला काय हरकत आहे?

बघायचं काय? १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी तिळासाठी चार खुणा सांगितल्या आणि २००४ मध्ये पाचवी जोडली. तिळाची एक बाजू दुसरीसारखी नसणं, कडा फाटक्या असणं, रंग एकापेक्षा जास्त असणं, आकार पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरापेक्षा मोठा असणं, आणि पाचवी म्हणजे बदलत जाणं. बाकी चार विसरलात तरी पाचवी विसरू नका. तळव्यावरचा नवा किंवा वाढत जाणारा काळा डाग, महिना-दीड महिन्यात न भरणारी जखम, भोवरी समजून कितीदा कापली तरी पुन्हा येणारी आणि रक्त येणारी गाठ, हे सगळं दाखवायचं. नखांचं थोडं वेगळं. आपल्या लोकांच्या दोन-चार नखांवर उभ्या काळसर रेघा असणं नेहमीचं आहे, त्याला घाबरायचं नाही. पण मोठेपणी एकाच नखावर रेघ उमटली, ती रुंद होत गेली, किंवा काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरला, तर थांबायचं नाही.

आणखी एक. चुना आणि सोडा लावून मस किंवा चामखीळ जाळणं, जत्रेत बसलेल्या माणसाकडून तीळ काढून घेणं, हे बंद करा. जे काढलं ते तपासायला गेलं नाही तर ते काय होतं हे कधीच कळत नाही. पार्लरमध्ये लेसरने तीळ जाळणाऱ्या शहरी मंडळींनाही हेच लागू. आधी डॉक्टरांनी बघू दे, मग काय ते करा.

तळव्याखेरीज दुसरी एक जागा आपल्या बायकांनी बघायची आहे, आणि तिचा शोध आपल्याच माणसांनी लावला. १९४५ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी कमरेभोवतीच्या त्वचेच्या कॅन्सरबद्दल लिहिलं. धोतर किंवा साडी वर्षानुवर्षं एकाच जागी आवळून बांधल्याने कातडी काळवंडते, जाड होते, जखम होते, आणि ती जखम वर्षानुवर्षं घासली जाऊन काहींना तिथे कॅन्सर होतो. हा मेलॅनोमा नव्हे, वेगळा प्रकार आहे. तुम्ही म्हणाल, ते जुन्या काळातलं. तर २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशाच दोन बायकांची हकीकत बीएमजे केस रिपोर्ट्स या नियतकालिकात छापली. एक सत्तर वर्षांची, परकराची नाडी घट्ट बांधणारी. दुसरी साठीच्या पुढची, चाळीस वर्षं लुगडं नुसतंच आवळून नेसणारी. दोघींच्याही कमरेची जखम दीड-दोन वर्षं भरत नव्हती. आमच्या गावात आजही नऊवारी नेसणाऱ्या कितीतरी आज्या आहेत. त्यांच्या कमरेचा काळा पट्टा आम्ही लहानपणापासून बघतोय. बहुतेकींचा तो नुसता पट्टाच राहतो. पण तिथे न भरणारी जखम झाली तर ती 'नाडीची जखम' म्हणून सोडून द्यायची नाही. आणि नाडी जरा सैल, रुंद पट्ट्याची, रोज थोडी वर-खाली बांधायला काहीच खर्च नाही.

आमच्या 'यांना' हा लेख वाचून दाखवला तर म्हणाले, "लाखात एकाला होणाऱ्या रोगासाठी तू सगळ्या गावाला घाबरवतेयस." मुद्दा खोटा नाही. नेटवर रोज कोणीतरी कशालातरी घाबरवत असतं, आणि कोथिंबिरीने कॅन्सर बरा होतो असं सांगणारेही त्यातच असतात. म्हणून पुन्हा सांगते. तुमच्या अंगावरचे सगळे तीळ बहुतेक तीळच आहेत. रोज आरशापुढे उभं राहून मोजू नका. तळव्यावरचे बहुतेक डागही साधेच निघतात. मी फक्त वर्षातून एकदा पाच मिनिटं मागतेय. शिवाय तळवा बघितला तर शुगरची जखम, भेग, टोचलेली काच हेही दिसतंच. ते काही लाखात एक नाही.

आणि लाखात एक हा आकडा मला तरी आता नुसता आकडा वाटत नाही. आमच्या लाखातली एक कांद्याच्या सरीत अनवाणी उतरायची.

गेल्या रविवारी गावी गेले होते. आईला म्हटलं, पाय पुढे कर. ती म्हणाली, "मेले, सकाळी सकाळी कसले पाय बघतेस?" तिला वाटलं मी पाया पडतेय, म्हणून तिने सवयीने आशीर्वादही देऊन टाकला. मग मोबाईलची बॅटरी लावून दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या, दहा नखं बघितली. दोन भोवऱ्या, पुष्कळ भेगा, आणि डाव्या करंगळीजवळ एक बारीकसा तपकिरी ठिपका. त्याच्याशेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढून ठेवलाय, म्हणजे पुढच्या दिवाळीत ताडून बघता येईल. डॉक्टरीणबाईंनाही तो पाठवला. त्या म्हणाल्या, साधा दिसतोय, तरी एकदा घेऊन या.

पुढच्या बुधवारची वेळ घेतली आहे. आई म्हणतेय, चप्पल नवी घेऊन दिलीस तरच येईन.